शेजारी कोण बसतं

"परत सांग," आप्पा म्हणाले, "आणि या वेळी जरा अडखळ."

रेवतीने कपाळावरची बट मागे सारली. "कुठे अडखळू? 'शाळेत'च्या आधी की नंतर?"

"आधी. आणि अडखळलीस की आईकडे बघू नकोस. पढवलेलं पोर पढवणाऱ्याकडे बघतं, तिथेच पकडलं जातं."

"म्हणजे लूक तुझ्याकडे पण नाही द्यायचा?"

"माझ्याकडे तर मुळीच नाही."

रेवतीने आवंढा गिळला, पंख्याकडे पाहिलं आणि "मी रोज... शाळेत जाते, शूटिंग फक्त शाळा सुटल्यावर असतं," हे वाक्य असं काही म्हटलं, की सोफ्यावर बसलेल्या यज्ञेशला क्षणभर आपली मुलगी खरंच रोज शाळेत जाते असं वाटलं. आप्पांनी मांडीवर थाप मारली. "झकास!" हा शब्द त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच वापरला असावा.

पढवलेलं पोर कुठे पकडलं जातं हे आप्पांना, म्हणजे अनंत टिपणीसांना नाही कळणार तर कोणाला? कामगार खात्यातली उभी हयात त्यांनी जरीच्या कारखान्यांत आणि खानावळींच्या मोऱ्यांत धाडी घालण्यात काढली होती. सत्काराच्या शाली इतक्या जमल्या होत्या, की त्यांची बायको रुक्मिणीबाई होत्या तोवर त्यांतल्या निम्म्या त्यांनी लग्नकार्यात परस्पर फिरवल्या. धाड पडायच्या आधी मालक मुलांना पढवून ठेवत: हे माझे काका आहेत, मी सुट्टीत आलोय, मी चौथीत आहे. आप्पांनी ही वाक्यं इतक्या तोंडांतून ऐकली होती, की त्यांतलं कच्चं कुठे असतं ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आज बोरीवलीच्या पारिजात सोसायटीतल्या स्वतःच्या दिवाणखान्यात ते एकेक कच्ची जागा पक्की करत होते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, पण पोलिसालाही त्या पाठ असतातच.

रेवती आठ वर्षांची होती आणि गोरेगावच्या स्टुडिओत सहा वर्षांची असे. 'इवल्या खांद्यांवर' या मालिकेत ती सगुणा व्हायची. सगुणा म्हणजे खानावळीत भांडी घासणारी, मालकिणीचा मार खाणारी अनाथ पोर. प्रत्येक भागाच्या शेवटी सगुणा हात जोडून म्हणायची, "मला शिकू द्या. बालमजुरी थांबवा." हे वाक्य पहिल्यांदा चित्रित केलं त्या दिवशी लाइट पुन्हा पुन्हा जात होते आणि रेवती सकाळपासून रात्रीपर्यंत हात जोडून उभी होती. सोसायटीतल्या बायका तिला लिफ्टमध्ये गाठून खाऊ देत आणि "बिच्चारी गं" म्हणून गालावरून हात फिरवत. त्या बिच्चारीच्या जिवावर टिपणीसांच्या घराला नवीन फरशी बसली होती, पण फरशीकडे बघून कोणी बिच्चारी म्हणत नाही.

आता मालिकेची परवानगी नव्याने घ्यायची होती. लहान मुलांनी कामच करायचं नाही असं कायदा म्हणतो, पण नट म्हणून चालेल असंही तोच म्हणतो. फक्त दिवसाला पाच तासांच्या वर नको, शाळा बुडायला नको आणि मुलाच्या मनाविरुद्ध तर नकोच नको. अर्ज नेहमीसारखा गेला असता आणि नेहमीसारखा आला असता, पण कोणीतरी तक्रार केली आणि सरकारी कचेरीतून बाई चौकशीला येणार असं कळलं. ते कोणीतरी कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आप्पांची थोरली मुलगी उत्तरा मुलुंडला राहायची, वकील होती आणि मुलांच्या हक्कांचे खटले लढवायची. तक्रार करायच्या आधी तिने रीतसर फोन करून सांगितलं होतं. "ताई वकील आहे ना," यज्ञेश म्हणाला होता, "पाठीत खुपसायच्या आधी नोटीस देते."

"आता माझा प्रश्न," आप्पा खुर्चीत पुढे सरकले. हा प्रश्न त्यांनी स्वतः शोधून काढलेला होता आणि खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक तुकडीला ते तो व्याख्यानात सांगत. "तुझ्या वर्गात बाकावर तुझ्या शेजारी कोण बसतं?"

रेवती गप्प झाली.

"बघ! मालक मुलांना शाळेचं नाव शिकवतात, इयत्ता शिकवतात, बाईंचं नाव शिकवतात. शेजारी कोण बसतं हे शिकवायचं कोणाला सुचत नाही. सांग, कोण बसतं?"

"कोणी नाही बसत, आप्पा. मी परीक्षेलाच जाते ना. परीक्षेला सगळ्यांना लांब लांब बसवतात."

यज्ञेश मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधू लागला. आप्पांनीही चष्मा पुसला. पण आप्पा एकदा कामाला लागले की थांबणाऱ्यांतले नव्हेत.

"तर शेजारी धवल बसतो," ते म्हणाले. "धवल शहा."

"कसा आहे तो?"

"असा... जरा गोल. खोडरबर चावतो."

"माझं की त्याचं?"

"तुझं. म्हणून तुमची भांडणं होतात."

"मग तो सॉरी म्हणतो का?"

"म्हणतो."

"आणि डबा? डब्यात काय आणतो?"

"ढोकळा," आप्पा म्हणाले आणि आपल्या कल्पनाशक्तीवर स्वतःच खूश झाले. रेवतीने हे सगळं एकदा ऐकून पाठ केलं, आणि मग बराच वेळ धवलबद्दल नवीन काही विचारत राहिली. त्याला भाऊ आहे का, तो कोणत्या रंगाची पाण्याची बाटली आणतो. आप्पांना वाटलं, पोर भूमिकेत शिरतेय.

उत्तरा आली तेव्हा रेवतीची आई शर्मिष्ठा तिच्या दोन वेण्या सोडून पोनी बांधत होती. दोन वेण्या सगुणाच्या. घरची मुलगी वेगळी दिसली पाहिजे, अशी सूचना आप्पांचीच.

उत्तराने चिकूंची पिशवी टीपॉयवर ठेवली आणि तिथेच उभं राहून तिने शेवटची तालीम ऐकली. पुरती ऐकल्यावर म्हणाली, "आप्पा, तुम्ही पढवताय तिला? तुम्ही?"

"तयारी करून घेतोय. पढवणं वेगळं."

"काय वेगळं आहे?"

"ती पोरं पोटासाठी राबत होती. ही कला आहे."

"कोणाच्या पोटासाठी, हे मी विचारलं तर आज इथे कोणी जेवायला बसणार नाही."

यज्ञेशने मोबाइल ठेवला. त्याची कंपनी लॉकडाउनमध्ये बंद पडली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून तो कन्सल्टिंग करत होता, आणि रेवतीला काम मिळाल्यापासून तिचं करिअर बघत होता. दोन्हींपैकी दुसऱ्यात यश आलं होतं.

"ताई, तू भाषण नको देऊ यार," तो म्हणाला. "तुझ्या संस्थेचा तो मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा रिबन कापायला कोण लागलं होतं तुला? 'सगुणा माझी भाची आहे' म्हणून सगळ्यांना सांगत कोण फिरत होतं? शूटिंगवरून थेट आणली होती आम्ही तिला. तिने स्टेजवर 'बालमजुरी थांबवा' म्हटलं आणि खाली येऊन तुझ्याच मांडीवर झोपली. तेव्हा नाही दिसला तुला कायदा?"

त्या दिवशीचा फोटो अजून उत्तराच्या ऑफिसच्या भिंतीवर होता: खाली झोपलेली रेवती, वर हसणारी आत्या, मागे बॅनर. ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली.

शर्मिष्ठा तिच्यामागून आली. कुकरची शिट्टी झाली.

"उत्तराताई, एक विचारू? तुम्हाला मी राक्षसीण वाटते ना?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"तोंडाने नाही म्हटलंत." शर्मिष्ठाने गॅस बारीक केला. "मी कॉलेजला एकांकिका करायचे. बक्षीसही मिळालं होतं. बाबांनी एका संध्याकाळी सांगितलं, बास झालं आता, स्थळं बघायची आहेत. झालं. मी ठरवलं होतं, माझ्या मुलीला कोणी अडवायचं नाही. आणि ती कॅमेऱ्यासमोर उभी राहते ना, तेव्हा सेटवरची मोठी मोठी माणसं बघत राहतात हो."

"पण तिला हवंय का? मला ती फोनवर म्हणाली, आत्या, मला नाही जायचं."

"मला पण रोज डबा करायचा नसतो."

"शर्मिष्ठा!"

"खोटं आहे का? मुलं शाळेला पण नाही म्हणतात. तेव्हा 'मनाविरुद्ध' म्हणून शाळा बंद करतो आपण? ढकलतोच ना?" तिचा आवाज जरा चढला आणि लगेच खाली आला. "ती रडायचे सीन असले की कुरकुर करते फक्त. उद्या आहे मोठा, म्हणून कालपासून पिरपिर चाललीय. संपला की हसते, खेळते. तुम्ही एक दिवस येऊन बघा तरी."

उत्तरा खरं म्हणजे भांडायच्या तयारीने आली होती. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने आज पहिल्यांदा नीट पाहिली. लेकीबरोबर पहाटे उठणारी आणि रात्री उशिरा परतणारी हीच होती. "एवढं बोलूनही मी आज चौकशीच्या बाईंसमोर खरं सांगणार आहे हं," उत्तरा म्हणाली. शर्मिष्ठाने मान हलवली आणि तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

चौकशीला आलेली बाई भांडुपहून स्कूटीवर आली. शीतल वानखडे तिचं नाव. दारात हेल्मेट काढलं आणि खुर्चीतल्या माणसाला पाहून ती एकदम दोन पावलं मागे सरकली.

"टिपणीस सर? सर, हे घर तुमचं आहे? सर, मी तुमच्या व्याख्यानाला होते. पहिल्या रांगेत!"

आप्पा प्रसन्न हसले. यज्ञेशने सुटकेचा श्वास टाकला. आपला माणूस निघाला म्हणजे अर्धं काम झालं, अशी आपल्याकडे रीतच आहे. शर्मिष्ठाने चहाचा ट्रे पुढे केला.

"नको, थँक्यू," शीतल म्हणाली. "सरांनीच शिकवलंय. धाडीला गेलात की मालकाकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही."

ट्रे हवेतच राहिला. 'मालक' हा शब्द दिवाणखान्यात कोणाच्या अंगावर पडला हे ठरेना. प्रत्येकाने तो शेजारच्याकडे सरकवला. शीतललाही बोलून गेल्यावर चूक कळली. "म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं मला," ती पुटपुटली. मग सरळ कामाला लागली. "मुलीशी मला एकटीशी बोलायचंय."

"बरोबर," आप्पा म्हणाले. "तसंच करायचं असतं."

आतल्या खोलीत शीतलने दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसली. तिची आई रोज संध्याकाळी सगुणासाठी रडायची, हे तिने ठरवून मनाच्या मागे टाकलं. समोर पोनी बांधलेली साधी मुलगी होती. शाळेचं विचारल्यावर जरा अडखळली, पण मुलं अडखळतातच. दाराकडे तिने एकदाही पाहिलं नाही. शूटिंग शाळा सुटल्यावर असतं, दमले की झोपायला देतात, आई सतत बरोबर असते. सगळं सरळ होतं. मग शीतलने सरांचा प्रश्न काढला.

"वर्गात बाकावर तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

रेवतीचा चेहरा उजळला. यात अभिनय किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "धवल. धवल शहा. तो ना माझं खोडरबर चावतो! मी बाईंना सांगणार होते, पण मग त्याने सॉरी म्हटलं आणि ढोकळा दिला. त्याची बाटली हिरवी आहे. मी गेले नाही ना, की तो माझी जागा धरून ठेवतो. दुसऱ्या कोणाला बसू देत नाही."

जागा धरून ठेवल्याचं आप्पांनी शिकवलेलं नव्हतं. ते रेवतीने स्वतः घातलं होतं.

शीतलला हसू आलं. खोडरबर कोणी पढवत नाही. "आणि सगुणाचं काम करायला आवडतं ना तुला?"

"हो. मला मनापासून आवडतं."

बाहेर आल्यावर शीतलने उत्तराकडे पाहिलं. "मॅडम, तक्रार तुमची आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

"तिने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, मला शूटिंगला नाही जायचं. ती शाळेत फक्त परीक्षेला जाते. दहा-दहा तास सेटवर असते." उत्तराने भाचीसमोर गुडघे टेकले. "रेवू, तू म्हणाली होतीस ना? घाबरू नकोस. सांग यांना."

रेवती छान हसली. "अगं आत्या, तेव्हा माझं पोट दुखत होतं!"

एवढं स्वच्छ, एवढं खळखळून ती हसली की शीतलही हसली. उत्तराने बापाकडे पाहिलं. आप्पा चिकूंकडे बघत होते. तक्रार करणाऱ्याचं तोंड मुलाकडूनच बंद करायचं, ही युक्ती एका बांगड्यांच्या कारखानदाराची. त्याने आप्पांना एकदा अशीच धूळ चारली होती आणि ती आप्पांच्या मनात इतकी वर्षं सलत होती. आज ती कामी आली.

"सर, मी कचेरीत तसंच कळवते," शीतल निघताना म्हणाली. "आणि आईला सांगते, सगुणा खरंच शाळेत जाते म्हणून. फार जीव लागलाय तिचा."

दार लागलं तसा यज्ञेशने रेवतीला उचलून गरगर फिरवलं. "काय काम केलंस यार तू! एका टेकमध्ये!" शर्मिष्ठा खुर्चीत बसून डोळे पुसत होती. उत्तरा कोपऱ्यात चपला शोधत होती आणि तिला त्या सापडत नव्हत्या.

"पोरगी हुशार आहे," आप्पा शीतलबद्दल म्हणाले, "पण अजून कच्ची. मी असतो तर उद्या शाळेत फोन करून धवल शहा आहे का ते विचारलं असतं." शिष्या फसली याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

रेवती बाबाच्या कडेवरून उतरून आप्पांपाशी आली. "आप्पा, मी तुझं काम नीट केलं ना? आता माझं एक करशील?"

"दहा करीन. बोल."

"इथे दिवाणावर आडवा हो. सरळ. हात असे पोटावर ठेव."

आप्पा हसत हसत आडवे झाले. डॉक्टर-डॉक्टर खेळायचं असेल, त्यांनी मनात म्हटलं.

"डोळे मिट. आता हलायचं नाही."

ती त्यांच्या उशाशी बसली आणि टक लावून त्यांच्याकडे बघू लागली. यज्ञेश मोबाइलवर निर्मात्याला आनंदाची बातमी कळवत होता. थोड्या वेळाने रेवती कुरकुरली, "पोट हलतंय तुझं." आप्पांनी श्वास धरला. "हं. आता बरोबर."

शर्मिष्ठाने मान वर केली आणि ती ताडकन उठली. "रेवू! ऊठ तिथून. काय चाललंय हे?"

"उद्याची तयारी करतेय. तूच म्हणालीस ना, आता आप्पांना आठव."

आप्पांनी डोळे उघडले. "काय आठवायचं माझं?"

"तू गेलास ते," रेवती म्हणाली. घरातल्यांना आपलं काम समजावून सांगायला तिला नेहमीच आवडायचं. "रडायच्या सीनला. माझ्या डोळ्यांना ग्लिसरीन चालत नाही ना, मग आधी आजी होती. आई कानात सांगायची, आजी आता कधीच येणार नाही, की लगेच रडू यायचं. खरं खरं. सगळे टाळ्या वाजवायचे. पण आता आजी संपली, आप्पा. कितीही आठवली तरी काहीच होत नाही. म्हणून आई म्हणाली, आता आप्पा. पण तुझं येतच नाही रे. घरी आलं की तू असतोसच. म्हणून म्हटलं, एकदा नीट बघून ठेवावं."

यज्ञेशच्या फोनमधून पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत होता. त्याने फोन बंद केला. "शर्मिष्ठा, तू हे..."

"सगळ्याच आया करतात," शर्मिष्ठा म्हणाली. "सेटवर विचारा कोणालाही. एकीने तर कुत्र्याचं..." तिने तोंडावर हात धरला आणि ती मटकन खाली बसली. उत्तरा चपला सोडून तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

आप्पा दिवाणावर उठून बसले होते. रुक्मिणीबाई गेल्यापासून संध्याकाळ त्यांना खायला उठायची. ती त्यांनी या मालिकेवर निभावली होती. सगुणा रडायला लागली की तेही रडायचे, आणि रेवती रात्री घरी आली की तिला जवळ घेऊन म्हणायचे, "काय रडतेस गं पोरी! अगदी खरं वाटतं!" हे त्यांनी किती वेळा म्हटलं होतं. पोर दर वेळी खूश व्हायची. त्यांची बायको त्या पोरीकडून रोज थोडी थोडी खर्च होत होती आणि ते टाळ्या वाजवत होते. त्यांना भयंकर लाज वाटली. इतकी, की तोंड कुठे लपवावं कळेना, आणि म्हणून बहुधा ते सरळ गॅलरीत गेले, जिथे सगळ्या जगाला तोंड दिसतं.

खाली शीतल फोनवरचं बोलणं संपवून हेल्मेटचा पट्टा लावत होती.

"शीतल!" आप्पांनी कठड्यावरून हाक मारली. सत्काराच्या भाषणातही त्यांचा आवाज कधी इतका चढला नव्हता. "वर ये! सगळं खोटं आहे! मी पढवलंय तिला!"

समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. वाळत घातलेले कपडे काढणारी बाई हात तसाच धरून थांबली.

"आप्पा, लोक ऐकतायत!" यज्ञेश मागून म्हणाला. "वाट लागेल आपली!"

"ऐकू देत. शाली घातल्या तेव्हाही ऐकत होते." आणि पुन्हा खाली, "शाळेतबिळेत जात नाही ती! तो धवल मी बनवलाय! ऐकतेस ना? वर ये!"

शीतल वर आली तेव्हा धापा टाकत होती. लिफ्टची वाटही तिने पाहिली नव्हती. आप्पांनी तिला सगळं सांगितलं, तालमीपासून कारखानदाराच्या युक्तीपर्यंत. रेवतीच्या आजीचंही सांगितलं. शीतल ऐकत राहिली. आपण पहिल्या रांगेत बसून ज्याचा शब्द न् शब्द ऐकला तो हाच माणूस, हे तिला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागत होतं. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो लपवायची तिने खटपट केली नाही.

"सर, हे मला कळवावं लागेल. सगळं."

"त्यासाठीच बोलावलं."

"मग परवानगी नाही मिळणार," यज्ञेश म्हणाला. मग त्याने फरशीकडे बघितलं.

"धवल नाही असं नको ना म्हणू, आप्पा," रेवती हळूच म्हणाली. सगळ्या गोंधळात तिला एवढंच लागलं होतं. आप्पांनी तिला जवळ ओढलं, आणि तिला काय सांगावं हे न सुचून तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

शीतल रेवतीच्या समोर खाली फरशीवर बसली. "रेवती, आवडतं का, असं नाही विचारत मी आता. ते तू मघाशी सांगितलंस. मला सांग, तुला काय हवंय?"

"कोणी काही बोलायचं नाही," आप्पा म्हणाले.

रेवतीने आईकडे पाहिलं. शर्मिष्ठाने डोळे खाली घातले. बाबाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग मान मागे टाकून आप्पांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. कोणाचेच ओठ हलत नव्हते, कोणी डोळ्याने खुणावत नव्हतं.

"याचं उत्तर मला कोणी दिलंच नाहीये," ती म्हणाली.

"तू दे."

रेवती गोंधळली. हाताची बोटं एकमेकांत गुंतवून ती बराच वेळ उभी राहिली.

"मग मला वेळ लागेल," ती म्हणाली. "तुम्ही थांबाल?"

शीतलने हेल्मेट बाजूला ठेवलं आणि मांडी घातली. "थांबते," ती म्हणाली.